बॅटरी उपाशी निजवू नये

बंदीचे दोन महिने.
होडी सर्जेकोटच्या वाळूत, झापांखाली, जराशी कलती,
आणि तिच्या दोन बॅटऱ्या आमच्या पडवीत
फळीवर. जमिनीवर नाही.
का नाही, ते धड कुणालाच सांगता येत नाही.
सासऱ्यांनी फळी घातली, म्हणून फळी.

सगुणभावोजी चहाआधी तिथे जाऊन बसतात.
सहा बुचं काढून ओळीनं मांडतात,
काचेची नळी एकेका खणात बुडवतात,
ओठ न हलवता आकडा वाचतात.
बाराशे पन्नास. बाराशे पन्नास. बाराशे वीस.
मोठीचा तिसरा खण कायम मागे.
हर्षल म्हणतो, नवी घेऊया, हप्त्यावर मिळते.
भावोजी म्हणतात,
"एक खण सावकाश चलता म्हणान
घरातसून भायर काढतत काय कोणाक?"
मग आम्ही सगळेच थोडा वेळ चहात बघत बसतो.

पाणी घालणं माझं काम.
मालवणच्या गॅरेजातून आणलेलं, बाटलीतलं.
विहिरीचं चालत नाही, कितीही गोड असलं तरी.
पट्ट्या बुडतील एवढंच, काठोकाठ नाही.
टोकांवर निळसर पांढरं फुलतं,
मिठागरासारखं, पण हात लावायचा नाही;
गरम पाण्यात सोडा घालून जुन्या ब्रशनं घासायचं,
मग व्हॅसलीन. त्याच डबीतलं सासूबाई
भेगांना लावतात. दोघींनाही उपयोग होतो.

चार्जर रात्रभर हुं करत राहतो,
काटा दोनवर. हर्षल गुपचूप दहावर नेतो,
भावोजी गुपचूप परत आणतात.
वाऱ्यात लाइट गेली की मला जाग येते
ती आवाज थांबला म्हणून.

तीन वर्षांपूर्वी, दत्तजयंतीच्या आठवड्यात,
निवतीच्या बाहेर जाळं टाकलेलं होतं.
खलाशाचा मोठा स्पीकर, हर्षलचे दोन फोन,
जाळ्यावरचा दिवा, सगळं एकाच तारेवर.
दोन वाजता ह्यांनी स्टार्टर दाबला.
टक्.
एवढंच.
पुन्हा दाबला तर तेवढंही नाही.
दिवा नाही, वायरलेस नाही,
आणि समोरून जहाज,
चार मजली, सरळ.
भावोजींनी अंगातला शर्ट काढला,
डिझेलात बुडवून वल्ह्याला गुंडाळला, पेटवला,
आणि उभे राहिले.
जहाजानं पाहिलं की नाही, कुणास ठाऊक.
त्याच्या लाटेनं होडी उचलली, आपटली,
आणि ते गेलं, स्वयंपाकाचा वास मागे ठेवून.
तो वास ह्यांना अजून आठवतो. कांदा तळत होते, म्हणतात.
सकाळी दहाला दुसऱ्या होडीनं दोर दिला.

भावोजींच्या भुवया महिन्याभरात परत आल्या.
बोलणं तेवढं पुरतं आलं नाही.

आता तारा वेगळ्या. मधे लाल चावी.
धाकटी फक्त इंजिनाची, तिला कुणी विचारायचंसुद्धा नाही.
फोन, दिवे, गाणी, सगळी मोठीच्या गळ्यात,
त्या हळू खणासकट.
आणि एक वाक्य, जे ते दर बंदीत एकदाच,
आम्हाला की बॅटरीला कळत नाही, असं म्हणतात:
"तिका उपाशी निजवू नको गो वयनी.
उपाशी निजली काय मगे उठणा नाय."

नारळी पौर्णिमेनंतर दोघी खांद्यावरून गेल्या.
माझ्या जुन्या साडीला निऱ्यांजवळ
ॲसिडची तीन भोकं, मुगाएवढी;
तीच नेसून मी वाळूत उभी राहिले.
दिसत काहीच नव्हतं, ऐकतच होते.
पहिल्या दाबाला इंजिन खोकलं,
दुसऱ्याला लागलं.

घरी आले तर फळी रिकामी,
तिच्यावर दोन कोरडे चौकोन, बाकी पडवी ओलसर.
पुसायला फडकं घेतलं, उचलायला हात घातला,
आणि आठवलं, जाताना ते म्हणाले होते,
"फळी रवांदे."